हापूसचें गुप्त लेखन व तें वाचणारे विद्यार्थी

रत्नागिरीच्या एखाद्या जातिवंत हापूसची काडी नेऊन ती धारवाडाकडे रायवळ खुंटावर बांधिली, तर कलम जगतें, वाढतें, मोहोरतें आणि फळहि हापूसचेंच धरतें. परंतु तें फळ आढींत पिकवून कापलें कीं, जाणत्या माणसाच्या नाकास कळून येतें, हें कातळावरचें फळ नव्हे. काडी तीच, जात तीच, मग वास निराळा कां? हा प्रश्न बागाईतदार बंधूंनीं आम्हांस अनेक वेळां विचारिला आहे. "माती निराळी, हवा निराळी" इतकें उत्तर आजवर पुरत असे. आतां तें पुरत नाहीं. कारण माती आणि हवा झाडाच्या आंत शिरून नेमकें काय करतात, हें शोधणारें एक शास्त्र आमच्या डोळ्यांदेखत वाढत आहे. त्या शास्त्राचा परिचय करून देणें, आणि तें ज्या तरुण विद्यार्थ्यांच्या खांद्यांवर उभें आहे त्यांच्या निर्वाहाची स्थिति वाचकांपुढें मांडणें, असा या लेखाचा दुहेरी हेतु आहे.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. २०१८ सालीं हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या पांच जिल्ह्यांतील फळाचा त्या नांवावरील हक्क मान्य झाला. तरीहि बाहेरचा आंबा आमच्या नांवाच्या पेटींत भरून विकला जातो, ही तक्रार हंगामोहंगाम ऐकूं येते. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, प्रयोगशाळेंत फळाचा एक कण दिला म्हणजे तें कोंकणांतलें कीं घाटावरचें, हें जनुकांवरून तत्काळ कळेल. ही समजूत बरोबर नाहीं. धारवाडचा हापूस हाहि कलमानेंच वाढविलेला हापूस होय. त्याचें व आमच्या झाडाचें जनुक-लेखन जवळजवळ अक्षरशः एकच आहे. लेखन एक असतां फळें निराळीं होतात, याचा अर्थ त्या लेखनाचें वाचन निराळें होतें. हें वाचन म्हणजे काय, तें आतां पाहूं.

जनुकसंच

झाडाच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रांत अतिसूक्ष्म धागे असतात; त्यांस गुणसूत्रें म्हणतात. आंब्यांत त्यांची संख्या ४०, म्हणजे २० जोड्या. भातांत २४, म्हणजे १२ जोड्या. या धाग्यांवर चारच रासायनिक अक्षरांत झाडाचा सगळा वारसा लिहिलेला असतो. त्यांतील एकेका कामाच्या मजकुरास जनुक म्हणतात, आणि सगळ्या लेखनास मिळून जनुकसंच. आंब्याच्या जनुकसंचांत सुमारें ३९ कोटि अक्षरें भरतात. भाताचा पसाराहि जवळजवळ तेवढाच आहे.

भाताचें लेखन अनेक राष्ट्रांनीं वांटून घेऊन २००५ सालीं पुरें वाचलें, आणि त्या कामांत आपल्या देशाचाहि वांटा होता. आंब्याची पाळी उशिरां आली. २०१६ सालीं दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीं आम्रपाली जातीच्या जनुकसंचाचा कच्चा आराखडा प्रसिद्ध केला. पुढें २०२० सालीं चिनी शास्त्रज्ञांच्या एका गटानें आंब्याचें लेखन वीसहि गुणसूत्रांवर नीट मांडून जगापुढें ठेविलें. आणि त्यासाठीं त्यांनीं निवडलेली जात होती हापूस! आंबा, काजू व बिब्बा हीं एकाच कुळांतलीं झाडें आहेत, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. ज्या चिकानें तोडणाऱ्या गड्याची कातडी उततें, त्या जातीचीं द्रव्यें बनविण्याशीं संबंध असणारीं जनुकें गरापेक्षां सालींत अधिक जागीं असतात, असें त्या वाचनांतून दिसून आलें. आमच्या हापूसचें लेखन प्रथम परदेशांत पुरें वाचलें गेलें, याबद्दल कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं त्या कामास माणसें व पैसा सलग पुरविला, त्यांचें काम पुरें झालें, इतकाच त्याचा बोध.

या वाचनाचा बागाईतदारास उपयोग काय? दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें नीलम व हापूस यांच्या संकरांतून १९८१ सालीं "रत्ना" ही जात दिली, आणि रत्ना व हापूस यांच्या संकरांतून १९९२ सालीं पातळ कोयीची "सिंधु" दिली. अशा प्रत्येक जातीमागें शेंकडों रोपें लावणें, तीं फळावर येईपर्यंत कित्येक वर्षें सांभाळणें, फळें चाखणें आणि बहुतेक रोपें तोडून टाकणें, इतका खटाटोप असतो. कोणत्या गुणाशीं कोणतें अक्षर जोडलेलें आहे हें एकदां कळलें, म्हणजे रोप वीतभर असतांनाच त्याच्या पानाच्या तुकड्यावरून निवड करतां येते. आंब्यासारख्या दीर्घायुषी झाडांत हा लाभ एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांइतका मोठा आहे.

क्रोमॅटिन, अथवा दप्तराचे रुमाल

परंतु लेखन हातीं आलें म्हणजे सर्व कळलें असें नव्हे. आंब्याच्या एका पेशींतील सगळे धागे सरळ करून एकापुढें एक ठेविले, तर त्यांची लांबी सुमारें एक फूट भरेल. आणि ते ज्या केंद्रांत मावतात तें डोळ्यांस दिसणारहि नाहीं इतकें लहान असतें. हें साधतें कसें? काथ्याचा सुंभ जसा खुंट्यांवर वेढे देऊन ठेवावा, तसा हा धागा हिस्टोन नांवाच्या प्रथिनांच्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो. एकेका गोळ्यावर सुमारें १४७ अक्षरांचे पावणेदोन वेढे बसतात. धागा आणि प्रथिनें मिळून जो हा गुंडाळा होतो, त्यास क्रोमॅटिन म्हणतात. रंगविलें असतां सूक्ष्मदर्शकाखालीं तें चटकन दिसतें, म्हणून जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यानें १८८२ च्या सुमारास हें नांव रूढ केलें.

कचेरीच्या दप्तरखान्यांत जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आपण पाहिले आहेत. ज्या रुमालाची गांठ सैल आहे, त्यांतला कागद कारकून काढतो व वाचतो. ज्याची गांठ घट्ट आहे, तो कागद दप्तरांत असूनहि नसल्यासारखाच. पेशींत नेमका हाच प्रकार चालतो. मुळांत, पानांत, मोहोरांत व फळांत जनुक-लेखन एकच असतें. परंतु मुळांत कांहीं रुमाल सुटे असतात, फळांत निराळेच. कोणता रुमाल सोडावा व कोणता बांधावा याच्या बारीक रासायनिक खुणा धाग्यावर व हिस्टोनांवर केलेल्या असतात, आणि थंडी, ऊन, पाण्याचा ताण यांनीं त्या खुणा बदलूं शकतात. माती व हवा झाडाच्या आंत शिरतात त्या वाटांपैकीं ही एक वाट आहे.

या गोष्टीचा व्यवहाराशीं किती निकट संबंध आहे, हें मलेशियांतील तेलमाडाच्या उदाहरणावरून कळेल. तेथें उत्तम माडांच्या ऊतींपासून प्रयोगशाळेंत हुबेहूब रोपें तयार करून मोठ्या प्रमाणावर लावण्यास सुरवात झाली. रोपें दिसण्यांत निर्दोष होतीं. परंतु वर्षांमागून वर्षें खत-पाणी घातल्यावर, झाड फळावर आलें तेव्हां, कांहीं झाडांचीं फळें वेडीवांकडीं व तेलास निरुपयोगी निघूं लागलीं. जात तीच, लेखन तेंच. अनेक वर्षांच्या शोधानंतर २०१५ सालीं कारण सांपडलें: एका जनुकाच्या पोटांत बसलेल्या तुकड्यावरील रासायनिक खूण प्रयोगशाळेंतील वाढींत पुसली गेली होती. अक्षर एकहि बदललें नव्हतें. केवळ रुमालाची गांठ सुटली होती. कारण कळल्यामुळें आतां रोपवाटिकेंतच पान तपासून असें रोप बाजूस काढणें शक्य झालें आहे. माडाच्या बागेंत दहा वर्षें फुकट घालविणें म्हणजे काय, हें कोंकणांत कोणास समजावून सांगावयास नको.

दुसरें उदाहरण थंडीचें. इंग्लंडांतील नॉर्विच येथें कॅरोलाइन डीन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोहरीच्या कुळांतील एका चिमुकल्या रोपावर बरीच वर्षें काम करून असें दाखविलें कीं, फुलण्यास अडवून धरणारें एक जनुक हिंवाळ्याच्या दीर्घ थंडींत हळूहळू क्रोमॅटिनाच्या घट्ट गांठींत बांधलें जातें, आणि थंडी सरली तरी ती गांठ टिकते. म्हणून रोप वसंतांत फुलतें. जणूं त्यास थंडीची आठवण राहते. आंबा हें निराळें झाड आहे व त्याची रीत हुबेहूब तशीच असेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रात्रींचा गारवा पडला तर मोहोर, न पडला तर पालवी, आणि एक वर्ष भरभरून फळ तर पुढल्या वर्षीं विश्रांति, हा अनुभव ज्यांनीं जन्मभर घेतला, त्यांस या शोधाचें महत्त्व सहज पटेल. हवामान बेभरंवशाचें होत चाललें असतां, हापूसला थंडी "कळते" ती कशी, हें शोधण्यापेक्षां अधिक निकडीचा प्रश्न आम्हांस दिसत नाहीं.

आपल्या देशांतील काम

हें सर्व परदेशांतच घडतें असा वाचकांचा ग्रह होऊं नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. विद्या गुप्ता व डॉ. अशोक गिरी यांच्या मार्गदर्शनाखालीं हापूसच्या सुगंधाचा वर्षानुवर्षें अभ्यास झाला, व त्यांत दापोलीच्या विद्यापीठाचें साहाय्य होतें. फळ धरल्यापासून पिकेपर्यंत कोणतीं गंधद्रव्यें केव्हां उत्पन्न होतात, हापूसच्या खास वासांत लॅक्टोन व फ्यूरॅनोन वर्गांतील द्रव्यांचा वांटा काय, हें त्यांनीं मोजून पाहिलें. देवगड, वेंगुर्लें व दापोली येथील हापूसची तुलना करून त्यांनीं २०१२ सालीं दाखविलें कीं, कोंकणच्या कोंकणांतहि ठिकाण बदललें कीं गंधद्रव्यांचें प्रमाण बदलतें. २०१७ सालीं त्यांनीं फळाच्या वाढीच्या निरनिराळ्या अवस्थांत कोणतीं जनुकें वाचलीं जातात, याचा तक्ता प्रसिद्ध केला. लेखाच्या आरंभीं सांगितलेल्या प्रश्नाकडे नेणारी वाट हीच. मानांकनाचें रक्षण करणारी कसोटी जर उद्यां निघाली, तर ती जनुकांच्या अक्षरांतून नव्हे, तर अशा गंध-मोजणींतून निघण्याचा संभव अधिक.

साक्याचेंहि तसेंच. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या पोटांत गर पांढुरका व आंबट निघणें, हें हापूसवरील मोठें लांछन. बंगळूरच्या फलोद्यान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २००४ सालीं त्याचा संबंध फळाच्या आंतील बीं वेळेआधींच रुजूं लागण्याशीं जोडला. फळ झाडावर पूर्ण पिकूं न देतां चौदा आणे तयार असतांना उतरवावें, या आपल्या जुन्या रीतीस त्यामुळें शास्त्राचा आधार मिळाला. तें बीं अकालीं जागें कां होतें, कोणता रुमाल अवेळीं सुटतो, हें शोधावयाचें आहे. खुद्द क्रोमॅटिनावर मूलभूत काम करणारी शास्त्रज्ञ मंडळीहि पुण्यांत तयार झाली, त्यांपैकीं डॉ. संजीव गलांडे यांस २०१० सालीं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालें. ही विद्या आंब्याच्या बागेपर्यंत आणण्यास माणसें मात्र हवींत.

हें काम करतो कोण?

येथें आम्ही मुख्य मुद्यावर येतों. प्रयोगशाळेचें नांव मोठें असतें व मार्गदर्शकाचें नांव प्रसिद्ध असतें. परंतु पहांटे बागेंत जाऊन फळ उतरविणें, त्याचा गर तत्क्षणीं उणें १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनांत गोठविणें, रात्रभर जागून यंत्रावर मोजणी करणें, हें काम पीएच.डी. करणारे पंचविशीच्या आंतबाहेरचे विद्यार्थी करतात. देशव्यापी परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांस सरकारी अधिछात्रवृत्ति मिळते. ती २०१४ सालीं दरमहा २५,००० रुपये झाली; त्यानंतर वाढ होण्यास देशभर विद्यार्थ्यांस रस्त्यावर यावें लागलें, तेव्हां २०१९ पासून ३१,००० व २०२३ पासून ३७,००० रुपये ठरली. तिसऱ्या वर्षापासून ती कांहींशी वाढते, व एकंदर मुदत पांच वर्षांची असते. रक्कम अगदींच क्षुल्लक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दुःख आहे तें अनिश्चिततेचें. निरनिराळ्या योजनांतील विद्यार्थ्यांनीं कित्येक महिने पैसे हातीं न आल्याच्या तक्रारी अलीकडच्या वर्षांत वारंवार उघडपणें मांडल्या आहेत. २०२०–२१ सालीं देशाच्या उत्पन्नापैकीं संशोधनावर झालेला खर्च शेंकडा ०.६४ होता, चीनचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक आहे. २०२३ च्या कायद्यानें नवें राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान निघालें व पांच वर्षांत ५०,००० कोटि रुपयांची योजना आंखली गेली. परंतु त्यांतील मोठा वांटा सरकारबाहेरून यावयाचा आहे. अमेरिकेसारख्या संपन्न देशांतहि २०२५ सालीं पदवीधर संशोधकांच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्यांची पहिली यादी मागील वर्षाच्या निम्म्यावर आली. म्हणजे हा रोग एका देशाचा नाहीं.

आतां बागाईतदाराच्या हिशेबानें पाहूं. हापूसला मोहोर वर्षांतून एकदां. विद्यार्थ्याचीं पांच वर्षें. त्यांतलें पहिलें अभ्यासक्रमांत व शेवटचें प्रबंध लिहिण्यांत जातें. हातीं उरले तीन मोहोर. ऐन मोहोराच्या दिवसांत नायट्रोजनाचे अथवा प्रवासाचे पैसे अडले, तर मार्चमध्यें ते मिळून काय उपयोग? कळी उमलून गेली. आतां पुढल्या वर्षाची वाट पाहणें आलें. कारखान्यांतील काम आठवड्यानें पुढें ढकलतां येतें, पण झाडावरचें काम ढकललें तर वर्षानें ढकललें जातें. तीन मोहोरांपैकीं एक हुकला म्हणजे त्या संशोधनाचा तिसरा हिस्सा गेला. असे दोन अनुभव आले कीं हुशार विद्यार्थी दुसरीकडे नोकरी धरतो, आणि त्याच्या हातांतली विद्या त्याच्याबरोबर जाते.

उलट, धीरानें पोसलेल्या कामाचें फळ कसें येतें तेंहि पाहावें. ओरिसांतील एक जुनें भात पुराखालीं बुडूनहि जगत असे. कॅलिफोर्नियांत डेव्हिड मॅकिल या शास्त्रज्ञाजवळ शिकणाऱ्या केनाँग शू या विद्यार्थ्यानें त्या गुणाची जागा नवव्या गुणसूत्रावर असल्याचें १९९६ सालीं दाखविलें. तें जनुक नेमकें हातीं लागण्यास २००६ साल उजाडलें. मग तें नेहमींच्या संकरानें "स्वर्णा" या आपल्या लोकप्रिय भातांत उतरवून २००९ सालीं "स्वर्णा-सब१" भारतांतील शेतकऱ्यांस मिळालें. तें सुमारें दोन आठवडे पाण्याखालीं तग धरतें. ओरिसाच्या शेतकऱ्यानें जपलेलें बीं, एका विद्यार्थ्याचा प्रबंध, आणि तेरा वर्षांचा अखंड पाठिंबा, या तिहींतून तें पीक उभें राहिलें. यांतला एक दुवा तुटता तर बाकीचे दोन व्यर्थ होते.

बागाईतदारांनीं काय करावें?

सरकारनें पैसे द्यावेत, इतकें म्हणून आपण मोकळे होऊं नये. आमच्या मतें चार गोष्टी आपल्या हातांतल्या आहेत.

पहिली, टिपण. प्रत्येक बागेंत दहा झाडें खुणेचीं धरून त्यांची पालवी, पहिला मोहोर, फळधारणा, साक्याचें प्रमाण व रात्रींचें उष्णमान दरवर्षीं वहींत लिहावें. वीस वर्षांची अशी वही विद्यार्थ्यास तीन मोहोरांत मिळूं शकत नाहीं. ती आपणच देऊं शकतों.

दुसरी, बागेचें दार. विद्यार्थी आला तर त्यास झाडें, निवारा व गडी द्यावा. आणि एकदां झाड अभ्यासास दिलें तर मधेंच न विचारतां छाटूं नये, कल्टारहि घालूं नये.

तिसरी, जुनीं रायवळ झाडें. सोय झाली कीं तोडून लांकूड विकण्याचा मोह होतो; परंतु पुढल्या जातींचे गुण त्यांच्याच लेखनांत दडलेले आहेत. ओरिसाच्या शेतकऱ्यानें तें भात टाकून दिलें असतें, तर जनुक कोठून सांपडलें असतें?

चौथी, पैसा. संस्थांनीं पेटीमागें अल्पशी रक्कम बाजूस ठेवून एक लहानसा निधि करावा, व ज्या विद्यार्थ्याचें काम हापूसवर चाललें आहे त्याची अधिछात्रवृत्ति रखडल्यास तेवढ्यापुरती उसनवार द्यावी. मोठें संशोधन आपण चालवूं शकत नाहीं हें खरें. पण एक मोहोर हुकूं न देणें आपणांस शक्य आहे. आणि आपल्या प्रतिनिधींस जाब विचारावयाचा तो रकमेपेक्षां वेळेचा विचारावा: मंजूर झालेला पैसा मोहोरापूर्वीं पोंचतो कीं नाहीं?

कलम लावणाऱ्यास हें नवें नाहीं. पहिलीं दोन वर्षें पाणी घालून तिसऱ्या उन्हाळ्यांत हात आंखडला, तर वांचतो तो तिसऱ्या वर्षाच्या पाण्याचा खर्च, आणि बुडतात तिन्ही वर्षें. ज्या मुलामुलींनीं हापूसचे रुमाल एकेक करून सोडण्याचें काम अंगावर घेतलें आहे, त्यांतलीं कित्येक आपल्याच गांवांतून गेलेलीं आहेत. त्यांचा तिसरा उन्हाळा कोरडा जाऊं नये, इतकी काळजी बागाईतदारांनीं घ्यावी.